मर्क्युरी ग्रँड मार्क्विस, २००९: वापरलेली मोठी अमेरिकन सेडान, तीन हिवाळ्यांनंतर

माझे वडील दर दोन वर्षांनी साताऱ्याहून आमच्याकडे मिशिगनला येतात आणि सहा महिने राहतात. दोन्ही गुडघे दुखरे असल्यामुळे आमच्या लहान गाडीत बसताना त्यांना जमिनीवर बसावे तसे खाली जावे लागे, आणि स्नेह्यांच्या एसयूव्हीत बसायचे झाले तर उंच पाऊल टाकून वर चढावे लागे. जिची सीट फार खाली नाही आणि फार वरही नाही, दार रुंद उघडते आणि पुढे पाय लांब करता येतात, अशी गाडी शोधता शोधता मी २०२१ च्या उन्हाळ्यात २००९ सालची मर्क्युरी ग्रँड मार्क्विस विकत घेतली. तेव्हा ती ७८,००० मैल चाललेली होती. तीन हिवाळे आणि आणखी सुमारे २४,००० मैल झाल्यावर हे लिहीत आहे. गाडी उत्तम आहे, पण ती उत्तम निघेल की नाही हे तिच्या निर्मात्यापेक्षा आधीच्या मालकाने तिची खालची बाजू कशी राखली यावर अधिक अवलंबून असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

फोर्ड कंपनीने १९७९ च्या मॉडेलपासून २०११ पर्यंत ‘पँथर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच रचनेवर आपल्या मोठ्या सेडान बांधल्या. शेवटच्या काळात त्या तीन बहिणी होत्या: फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार. शेवटची काही वर्षे तिन्ही गाड्या कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सेंट थॉमस येथील कारखान्यात तयार होत असत. मर्क्युरी हा आपला ब्रँड बंद करण्याचा निर्णय कंपनीने २०१० मध्ये जाहीर केला, २०११ च्या जानेवारीत शेवटची ग्रँड मार्क्विस तयार झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो कारखानाही बंद पडला. आजच्या बहुतेक सेडानमध्ये सांगाडा आणि कवच एकजीव असतात. इथे मात्र खाली पोलादाची स्वतंत्र चौकट असते आणि रबरी गाद्यांवर टेकवलेली बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पुढे ४.६ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, मध्ये चार गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना, अशी ही जुन्या वळणाची सरळ मांडणी आहे.

तिघींपैकी कोणती घ्यावी, याचा विचार मी बराच केला. क्राउन व्हिक्टोरिया सर्वांत स्वस्त मिळते, परंतु २००८ पासून ती सामान्य ग्राहकांना विकली जात नव्हती. ती पोलीस खाती, टॅक्सी कंपन्या आणि इतर मोठ्या ताफ्यांसाठीच बनत असे. पोलिसांची गाडी रस्त्याच्या कडेला तासन्‌तास सुरू ठेवून उभी केलेली असते, त्यामुळे मैलांचा आकडा लहान दिसला तरी इंजिन त्याच्या कितीतरी पट झिजलेले असू शकते. व्हिन क्रमांकात, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकात, ‘पी७१’ ही खूण दिसली की ती पोलीस खात्यासाठी बांधलेली गाडी आहे असे समजावे. टाउन कार तिघींत ऐटदार खरी, पण तिच्यापैकी अनेक गाड्या विमानतळाच्या भाड्यात आयुष्य घालवलेल्या असतात आणि तिच्या मागच्या बाजूला हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणा, असते. त्या पिशव्यांचे रबर वयाप्रमाणे चिरते आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी मागून खाली बसलेली आढळते. काही ग्रँड मार्क्विसमध्येही हेच सस्पेन्शन आहे, म्हणून ती घेणाऱ्यानेही मागे वाकून पाहावे. ग्रँड मार्क्विस बहुतांशी वयस्क माणसांनी घरच्या वापरासाठी घेतलेली असते, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता गंजाविषयी. या गाड्यांचे इंजिन नीट निगा राखली तर सहज दोन लाख मैल जाते आणि पुष्कळदा त्याहूनही पुढे जाते. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत ही गाडी मरते ती बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १२०० फूट खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळाभर रस्त्यांवर इतके मीठ पडते की मार्च महिन्यात काळी गाडीही करडी दिसते. चौकटीच्या पोकळ नळ्यांत हे खारे पाणी शिरते, तिथेच साचते आणि आतून पोलाद खाते, त्यामुळे बाहेरून रंग शाबूत दिसला तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मी पाहिलेली पहिली गाडी एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे होती. वरून ती आरशासारखी चमकत होती आणि खालून नुकताच जाड काळा थर मारलेला होता. तो थर गाडीच्या रक्षणासाठी मारला आहे, असे विक्रेत्याने सांगितले. मागच्या चाकाच्या पुढे, जिथे चौकट वर वळते, तिथे मी पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकले तेव्हा खणखणीत आवाजाऐवजी पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा बद्द आवाज आला आणि थराखालून पापुद्रे गळले. मी किल्ली परत दिली. दुसरी गाडी एका तरुणाकडे होती. तिची चौकट ठीक होती, पण ब्रेकच्या तेलाच्या पोलादी नळ्या इतक्या फुगलेल्या होत्या की त्यांपैकी एखादी कोणत्याही दिवशी फुटली असती. नळ्या बदलता येतात आणि तो खर्चही अवाच्या सवा नसतो, परंतु तो तरुण किंमत कमी करायला तयार नव्हता.

तिसरी गाडी डेट्रॉइटजवळच्या लिव्होनिया शहरातल्या एका आजोबांची होती. वयामुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले होते आणि तिच्या बारा वर्षांच्या सगळ्या पावत्या एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या. गाडी बंद गॅरेजमध्ये उभी राहत असे, हिवाळ्यात ते तिची खालची बाजू नेमाने धुऊन घेत आणि दर शरद ऋतूत चौकटीच्या आत तेलाचा फवारा मारून घेत. तरीही मी १२० डॉलर देऊन एका स्वतंत्र मेकॅनिककडून ती लिफ्टवर उचलून तपासून घेतली. आजोबांना त्यात अविश्वास वाटेल अशी मला धास्ती होती, पण उलट ते स्वतः सोबत आले आणि कोणता भाग केव्हा बदलला हे मेकॅनिकला दाखवत राहिले. व्यवहार ६,२०० डॉलरला ठरला. लिफ्टवरची तपासणी नाकारणाऱ्या माणसाकडून या वयाची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कोणते साल निवडावे यालाही महत्त्व आहे. १९९६ ते २००१ या काळातल्या अनेक गाड्यांत इंजिनावरचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग) पूर्णपणे प्लास्टिकचे होते आणि ज्या ठिकाणातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, वाहते तिथेच ते तडकत असे. हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि नंतरच्या भागात ती वाट ॲल्युमिनियमची केली गेली. २००३ मध्ये चौकट, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांत मोठी सुधारणा झाली. तोवरचे सैल स्टिअरिंग जाऊन रॅक अँड पिनियन पद्धत आली. म्हणून २००३ च्या आधीची गाडी मी सुचवणार नाही. २००३ ते २००५ च्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण करणारे मोड्यूल बिघडून हेडलाइट एकाएकी विझल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या होत्या, तेव्हा त्या सालांतली गाडी पाहताना ते मोड्यूल बदलले आहे का, हे विचारावे. २००५ ते २०११ च्या गाड्यांसाठी मिठाच्या राज्यांत २०१३ मध्ये रिकॉल निघाला होता, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण स्टिअरिंगचा खालचा दांडा गंजून निकामी होण्याचा धोका होता. ते काम झाले आहे की नाही, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर व्हिन क्रमांक टाकून विनामूल्य पाहता येते. माझ्या गाडीचे काम झालेले होते आणि त्याची पावतीही फायलीत होती.

चालवताना ही गाडी कशी वाटते, हे सांगताना मी थोडा हळवा होतो. खराब रस्त्यावरचा धक्का आधी टायर, मग चौकट, मग रबरी गाद्या आणि शेवटी जाड सीट असा टप्प्याटप्प्याने विरत येतो आणि माणसापर्यंत पोचेतो त्याचा केवळ एक सावकाश हेलकावा उरतो. मिशिगनचे खड्डे प्रसिद्ध आहेत. त्यांवरून जातानाही बाबांच्या हातातल्या थर्मासच्या झाकणातला चहा सांडत नाही. इंजिनाची ताकद २२४ अश्वशक्ती आहे, म्हणजे आजच्या मानाने बेताची. पण ती खालच्या फेऱ्यांतच मिळते, त्यामुळे महामार्गावर शिरताना ताण जाणवत नाही. पुढची सीट बाकासारखी सलग असून गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला आहे, म्हणून पुढे तिघे बसू शकतात. मात्र मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असल्याने तिथे मी कोणालाही बसवत नाही. डिकी २०.६ घनफूट आहे. गणेशोत्सवात मखराच्या घडीच्या चौकटी, पेटी, तबला-डग्गा आणि प्रसादाची दोन मोठी पातेली एकाच खेपेत मावली, एवढे सांगितले की तिच्या आकाराची कल्पना येईल.

वळणांवर ती झुकते, हे खरे. जवळपास २१२ इंच लांबीमुळे शहरातल्या बहुमजली वाहनतळावर ती लावताना मला अजूनही दोनदा मागे-पुढे करावे लागते. या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नाही, हा तिचा सर्वांत गंभीर दोष मी मानतो. ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना बंधनकारक झाली आणि पँथरचे उत्पादन त्याच सुमारास संपले. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी बर्फात मागून घसरू शकते. पहिल्याच हिवाळ्यात मी चारही चाकांना खास हिवाळी टायर घातले आणि त्यानंतर ती आश्चर्य वाटावे इतकी विश्वासाने चालली. परंतु जो माणूस वर्षभर एकाच टायरवर काढणार आहे किंवा ज्याच्या घरी नुकतेच शिकलेले मूल गाडी चालवणार आहे, त्याला मी ही गाडी घ्यायला सांगणार नाही.

पेट्रोलचा हिशेब आधीच करावा. सरकारी आकडे शहरात गॅलनला १६ मैल आणि महामार्गावर २४ मैल असे आहेत, म्हणजे लिटरला साधारण पावणेसात आणि सव्वादहा किलोमीटर. माझा अनुभव याला जुळतो. १९ गॅलनची टाकी भरताना होणारा खर्च दर वेळी जाणवतो, आणि रोज ८० मैलांची ये-जा करणाऱ्या माणसाला स्वस्तात घेतलेली ही गाडी दोन-तीन वर्षांत महाग पडेल. दुरुस्ती मात्र खरोखरच सोपी आहे. टायमिंगचा पट्टा नसून साखळी असल्यामुळे तो ठरावीक मुदतीने बदलण्याचा खर्च नाही, इंजिनाभोवती हात घालायला जागा आहे, आणि पोलीस व टॅक्सी यांच्यामुळे यांत्रिक सुटे भाग भरपूर आणि माफक दरात मिळतात. मर्क्युरीचे स्वतःचे असे बाहेरचे भाग, म्हणजे मागचे दिवे किंवा पुढची जाळी, मिळवायला मात्र भंगाराच्या आवारांत शोधाशोध करावी लागते. मी आतापर्यंत बॅटरी, पुढचे बॉल जॉइंट आणि ब्रेकपॅड बदलले आहेत. दुसऱ्या वर्षी ताशी ४०-४५ मैलांच्या वेगाला गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरू लागली तेव्हा गिअरबॉक्स गेला असे वाटून माझा जीव खाली-वर झाला. पण फाइल उघडून पाहिली तर गिअरबॉक्सचे तेल ६०,००० मैलांत बदललेले नव्हते. योग्य प्रतीचे नवे तेल भरल्यावर काही दिवसांत थरथर थांबली. चाचणीसाठी गाडी चालवताना याच वेगाला, पायाचा दाब हलका आणि एकसारखा ठेवून, काही मिनिटे जरूर जावे.

कागदपत्रांचे काम अर्ध्या तासाचे आहे. मिशिगनमध्ये नंबरप्लेट गाडी विकणाऱ्याकडेच राहते, टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, दोघांच्या सह्या होतात आणि पंधरा दिवसांत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणीच्या, कार्यालयात जाऊन ते आपल्या नावावर करून घ्यावे लागते. सहा टक्क्यांप्रमाणे मी ३७२ डॉलर कर भरला. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना दहा वर्षांनंतर मैलांचा आकडा लेखी प्रमाणित करण्याची सक्ती राहत नाही, म्हणून पावत्यांवर नोंदवलेले आकडे क्रमाने वाढत गेले आहेत का, हे आपणच ताडून पाहावे. शिवाय मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची नियमित सरकारी तपासणी नसल्यामुळे चौकट कुजलेली गाडीही कायदेशीर नोंदणीसह बाजारात येऊ शकते.

बाबा या वर्षी एप्रिलमध्ये आले तेव्हा विमानतळावर त्यांनी दार स्वतः उघडले, आधी सीटवर टेकले आणि मग दोन्ही पाय एकापाठोपाठ आत घेतले. कोणाला हात द्यावा लागला नाही. ते परत गेले की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मीठ पडायच्या आत, गाडी पुन्हा चौकटीच्या तेलासाठी नेण्याची वेळ ठरवून ठेवली आहे.