२८ दिवसांचा रिचार्ज की तारीख ते तारीख?

आमच्या घरात चार प्रीपेड सिम आहेत आणि दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा रिचार्ज संपलेला असतो, खरंच वैताग आलाय.

आधी २८ दिवसवाला. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणजे वर्षात महिने १२ आणि रिचार्ज १३! हा तेरावा रिचार्ज आपल्याच खिशातून जातो ना? वर तारीख सारखी मागे सरकते, पगार १ तारखेला आणि रिचार्ज कधी २६ ला कधी २३ ला, माणसाने लक्षात तरी किती ठेवायचं. ८४ दिवसवाला घेतला तरी तेच, अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी, तीन महिने नाहीच होत ते.

तारीख ते तारीखवाला मात्र सरळ आहे. ५ ला मारला की पुढच्या महिन्यात ५ लाच, पेपरवाल्याच्या बिलासारखा, आणि वर्षाचे बरोब्बर १२. ट्रायने (मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ मध्येच नियम केलाय की प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा प्लॅन ठेवायचाच. पण अ‍ॅपमध्ये तो सापडला तर शपथ, मी स्क्रोल करून करून थकले, वरती सगळे २८ आणि ८४ वालेच. किंमत थोडी जास्त दिसली तर दिवसांनी भागून बघा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

(आईला फक्त बोलायलाच फोन लागतो, तिच्यासाठी नेट नसलेला कॉल-एसएमएसवाला घेतला, असे प्लॅन ठेवणं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सक्तीचं केलं ते फार बरं झालं.)

माझ्या नंबरवर आता तारीखवालाच असतो.