घरच्या नॅससाठी नवं कोरं सर्व्हर हार्डवेअर घेतलं, नागपूरच्या उन्हाळ्यासकट रिव्ह्यू

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाईली ठेवायचा डबा. आधीच सांगून टाकतो, ज्याला फक्त मोबाईलचे फोटो ठेवायचे आहेत त्यानं हे वाचून माझ्यासारखा खर्च करू नका, सिनॉलॉजी नाहीतर क्यूनॅपचा दोन डिस्कवाला डबा घ्या आणि निवांत तर्री-पोहे खा. माझं प्रकरण वेगळं होतं. लहान भाऊ लग्नाचे व्हिडिओ शूट करतो आणि त्याचा सगळा डेटा एक्स्टर्नल हार्डडिस्कमध्ये, त्या डिस्क श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, प्रत्येकीवर पांढऱ्या मेडिकल टेपवर पेनानं नवरदेवाचं नाव. त्यातली एक टेबलावरून पडली आणि टक् टक् वाजायला लागली, मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं यावर घरात दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्यात गुगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड १ जून २०२१ पासून बंद, १५ जीबी केव्हाचं भरलेलं, आणि बायको रोज विचारणार की तुम्ही मिहानमध्ये दिवसभर कॉम्प्युटरच करता ना मग घरचं का नाही होत.

ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, जुना रॅक सर्व्हर (कंपन्यांच्या कपाटात चढवतात तो) घे, स्वस्तात पडतो. पडतो ना, पण ज्यानं १यू, म्हणजे सगळ्यात चपट्या सर्व्हरचे ४० मिलिमीटरचे पंखे ऐकलेत तो ते घरात आणणार नाही, तीन खोल्यांच्या घरात विमान उतरल्यासारखं वाटते, आणि लाईटबिल वेगळं. म्हणून ठरवलं की नवंच घ्यायचं, वॉरंटीवालं, पण सर्व्हरचंच.

घेतलं ते असं. इंटेलचा सर्व्हरवाला प्रोसेसर झिऑन ई-२३१४, ४ कोर ४ थ्रेड, ६५ वॅट. सुपरमायक्रोचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, रॅमचे ४ स्लॉट, डिस्क जोडायचे ६ साटा पोर्ट, दोन गिगाबिट लॅन आणि तिसरा वेगळा पोर्ट फक्त आयपीएमआयसाठी (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर हाताळायची सोय, पुढे सांगतो). १६ जीबीच्या दोन ईसीसी (चुकलेला बिट स्वतःच दुरुस्त करणाऱ्या) रॅम. फ्रॅक्टलचं नोड ८०४ कॅबिनेट, जे दिसायला छोट्या फ्रीजसारखं आहे पण आत डिस्क टांगायला भरपूर जागा. ८ टीबीच्या चार डिस्क. डिस्क सोडून लाखाच्या थोडं खाली गेलं आणि डिस्कचे पाऊण लाखाच्या आसपास वेगळे. हो माहीत आहे, एवढ्यात जुनी ॲक्टिवा दोनदा येते, आईनं ऐकवून झालं आहे.

बोर्ड आणि प्रोसेसर बर्डीतल्या (सीताबर्डी, इथला मोठा बाजार) एका दुकानातून मागवला. पहिल्या दिवशीचा संवाद जसाच्या तसा:

"भाऊ, सर्व्हर म्हणजे टॅली टाकायची ना?"

"नाही हो, घरीच ठेवायचाय."

"घरी? मंग झिऑन काऊन पाह्यजे? आय-फाईव्ह घेऊन टाका ना, कालच एक माल आला."

पण माणूस चांगला निघाला, नाही म्हणाला नाही, डिस्ट्रिब्युटरला माझ्यासमोर फोन लावला, पार्ट नंबर दोनदा वाचून दाखवला, ॲडव्हान्स घेतला त्याची पक्की पावती दिली आणि १७ दिवसांनी बोर्ड आला तेव्हा सीलबंद बॉक्स माझ्याच हातानं उघडायला लावला. ऑनलाईनपेक्षा दोनेक हजार जास्त गेले असतील, मला ते पटले, कारण पुढे जे झालं ते ऑनलाईनच झालं.

रॅम मी एका ऑनलाईन विक्रेत्याकडून घेतली, स्वस्त दिसली म्हणून. लिस्टिंगवर लिहिलं होतं "ईसीसी सर्व्हर रॅम". आली, स्लॉटमध्ये मस्त बसली, खटकन दोन्ही बाजूचे लॉक लागले, आणि बोर्ड चालूच होईना, स्क्रीन काळी. तासभर मी प्रोसेसर काढ, परत बसव, सॉकेटच्या पिना टॉर्चनं पाहा, हेच करून राहिलो. मग रॅमचं स्टिकर वाचलं तर पीसी४-३२०० च्या पुढे आर! म्हणजे रजिस्टर्ड. झिऑन ई ला अनबफर्ड (रजिस्टर चिप नसलेली) ईसीसीच लागते, तिच्या स्टिकरवर त्या जागी ई असते, आणि गंमत म्हणजे दोघींची खाच सारखी, २८८ पिना सारख्या, त्यामुळे स्लॉट तुम्हाला अडवत नाही. स्टिकर नसेल तर चिप मोजा, साध्या रॅमच्या एका बाजूला ८ असतात, ईसीसीच्या ९, आणि रजिस्टर्ड असेल तर मधोमध एक वेगळी आडवी चिप दिसते. विक्रेता म्हणाला तुम्हीच चुकीची ऑर्डर केली, रिटर्नला ११ दिवस लागले आणि कुरियरचा खर्च माझ्या माथी. पुढची रॅम गपचूप बर्डीतूनच.

आता ईसीसी खरंच लागते का? माझ्या नॅसमध्ये डिस्कवर फाईली मांडायचं काम झेडएफएस ही फाईल सिस्टिम करते. "ईसीसी नसेल तर झेडएफएस डेटा खाऊन टाकते" असं जे सांगतात ते खरं नाही, झेडएफएसच्या मूळ कर्त्यांपैकी मॅट आरेन्स यांनी स्वतःच म्हटलंय की झेडएफएसला इतर फाईल सिस्टिमपेक्षा ईसीसीची काही खास जास्त गरज नाही. पण झेडएफएस डिस्कवरचा प्रत्येक ब्लॉक चेकसमनं (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यानं) तपासते, आणि चेकसम बनायच्या आधी रॅममध्येच एखादा बिट उलटला तर ती बिचारी चुकलेल्या डेटाचाच बरोब्बर चेकसम बनवून ठेवणार. एवढं भोक बुजवायला ईसीसी. मला अजून एकही एरर दिसलेली नाही, म्हणजे पैसे वाया गेले की वसूल झाले हे कळायला काही मार्ग नाही, हेल्मेटसारखं आहे.

ज्यासाठी मी परत पैसे मोजेन ते म्हणजे आयपीएमआय. बोर्डवर एक छोटा वेगळा कॉम्प्युटरच आहे असं समजा, सर्व्हर बंद असला तरी नुसती वायर लावलेली असली की तो जागा असतो. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की सर्व्हरची स्क्रीन दिसते, बायोसमध्ये जाता येते, चालू-बंद करता येते, आणि दूरच्या लॅपटॉपवरची आयएसओ फाईल सीडी टाकल्यासारखी जोडता येते. मी ट्रूनॅस (नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) सोफ्यावर बसून इन्स्टॉल केलं, ना मॉनिटर ना कीबोर्ड. ई-२३१४ मध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे स्क्रीन येते ती याच चिपमधून. (याचा तोटा पण ऐका, व्हिडिओ ट्रान्सकोड करायला, म्हणजे एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायला, इंटेलच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक मिळत नाही, ज्याला प्लेक्स (घरचे व्हिडिओ टीव्ही-मोबाईलवर दाखवणारं ॲप) वगैरे चालवायचंय त्यानं नावामागे जी असलेला ई-२३२४जी घ्यावा.) पासवर्डचं एक सांगतो. पूर्वी सुपरमायक्रोला ॲडमिन-ॲडमिन चालायचं, कॅलिफोर्नियाचा कायदा २०२० मध्ये लागू झाल्यापासून प्रत्येक बोर्डचा पासवर्ड वेगळा, बोर्डवरच्या छोट्या स्टिकरवर छापलेला. कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी त्याचा फोटो काढा. मी नाही काढला, मग सगळ्या वायरी बाजूला सारून मोबाईल उलटा आत घालून आंधळे फोटो काढत बसलो, आठव्या फोटोत तो आला आणि त्यातही ओ आहे की शून्य कळेना. आणि वेगळ्या पोर्टला केबल लावूनच पॉवर द्या, नाहीतर आयपीएमआय पहिल्या लॅन पोर्टवर जाऊन बसते आणि तुम्ही राउटरमध्ये पत्ता शोधत राहता. राउटरमधून हे पेज बाहेर इंटरनेटला उघडं करू नका, बाहेरून लागलंच तर वायरगार्ड या व्हीपीएनमधून जा.

मग पंख्यांचं नाटक. मी हौसेनं एकदम हळू फिरणारे, आवाज न करणारे मोठे पंखे लावले. रात्री दोन वाजता हुऊऊ करून सगळे पंखे फुल स्पीडला, पाच सेकंदात शांत, परत हुऊऊ, परत शांत. आई उठून आली, "अरे कूलरची मोटर गेली वाटते, बंद कर ते." झालं असं की पंखा हळू होत मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या घरात आला की बोर्डला वाटते पंखा मेला, मग तो घाबरून सगळ्यांना फुल पळवतो, पंखा पळाला की वाटते ठीक आहे, मग परत हळू करतो. बोर्डची चूक नाही, सर्व्हरमध्ये एवढे संथ पंखे कोणी लावत नाही. आयपीएमआयटूल नावाच्या कमांडनं प्रत्येक पंख्याची खालची मर्यादा उतरवली आणि घर झोपलं.

डिस्क घेताना एकच पाहा, सीएमआर आहे ना, म्हणजे ट्रॅक सुटे सुटे. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचे पण परत लिहावे लागतात, आणि रेडमध्ये (अनेक डिस्क मिळून एक, एखादी गेली तरी डेटा राहतो) एक डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली की ती रखडते. २०२० मध्ये यावरून बराच गोंधळ झाला होता, नॅसच्या नावानं विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, तेव्हापासून कंपन्या स्पष्ट लिहितात. मी दोन कंपन्यांच्या दोन-दोन घेतल्या, म्हणजे एकाच लॉटच्या सगळ्या एकदम जायला नको. डेटा टाकायच्या आधी चारही डिस्कवर बॅडब्लॉक्स (पूर्ण डिस्क लिहून-वाचून तपासणारा प्रोग्राम) चालवलं, ८ टीबीला चार दिवसांच्या वर लागतात, घरचे म्हणाले अजून सुरूच नाही झालं का, पण तिसऱ्या दिवशी एका डिस्कचे रिअलोकेटेड (खराब म्हणून बाजूला टाकलेले) सेक्टर शून्यावरून वाढायला लागले. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कुणाचीही निघू शकते. दुकानदारानं आठवड्यात बदलून दिली. हीच डिस्क सहा महिन्यांनी गेली असती तर वॉरंटी सेंटर आणि मी.

चार डिस्क रेडझेड-२ (झेडएफएसचं रेड) मध्ये आहेत, म्हणजे कोणत्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो, आणि वापरायला साडेचौदा टीबीच्या आसपास दिसतात. ३२ मधून एवढेच? असं भावानं तोंड केलं होतं. ट्रूनॅसबद्दल जास्त लिहीत नाही, डेबियन लिनक्सवरचं आहे, फुकट आहे, २४.१० व्हर्जनपासून ॲप साध्या डॉकरवर (प्रत्येक ॲप आपापल्या डब्यात चालवायची पद्धत) चालतात, फोटोंसाठी इमिच नावाचं ॲप टाकलंय आणि बायकोच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप त्यात येतात. आणि एवढं सगळं असूनही हा बॅकअप नाही, एक वेगळी डिस्क दर महिन्याला भरून अमरावतीला मामाकडे जाते.

आता उन्हाळा, कारण बाहेरचे रिव्ह्यू पाहून आपल्याकडे घेऊ नये ते इथेच. या गावानं २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री पाहिलेत बाप्पा. सुरुवातीला मी सर्व्हर वरच्या खोलीत ठेवला होता, स्लॅबखाली, मे महिन्यात दुपारी तीनला डिस्क ५२ वर. मग डोकं चालवून डेझर्ट कूलरसमोर ठेवला, डिस्क ४१ वर आल्या, मी खुश, आणि चौथ्या दिवशी कॅबिनेटच्या जाळीला हात लावला तर ओलसर, खसचा वास आणि बारीक पांढरी पूड, कूलरच्या पाण्यातला क्षार! तसाच उचलला. आता खाली जिन्याखाली आहे, पुढून दोन पंखे हवा आत ढकलतात, जाळी दर रविवारी पुसतो, भर उन्हाळ्यात ४५-४६ च्या वर जात नाही. कूलरच्या झोतात कोणतंही इलेक्ट्रॉनिक्स ठेवू नका, एवढं लिहून ठेवा.

लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवला नाही, मध्ये वेगळा यूएसबीवाला यूपीएस आहे, बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. चारही डिस्क फिरत असताना भिंतीवरच्या मीटरवर ४५ वॅटच्या आसपास दिसते, महिन्याला बत्तीसेक युनिट, आमच्या स्लॅबमध्ये साडेतीनशेच्या आसपास.

नाराजी एकच. गिगाबिटवर फाईल ११० एमबी प्रति सेकंदानं येते, आणि मला वाटलं होतं दोन पोर्ट जोडले की डबल होईल, होत नाही, एका कॉम्प्युटरला एका वायरीएवढंच मिळते. भाऊ थेट सर्व्हरवरून फोरके एडिट करायला बसला की टाइमलाइन अडखळते आणि मग "दादा, एवढे पैसे टाकून हेच का?" एका स्लॉटमध्ये २.५ गिगाबिटचं कार्ड घातलंय, तेवढ्याच स्पीडचा नेटवर्क स्विच त्याच बर्डीच्या दुकानात सांगून ठेवलाय. तो अजून यायचाय, आला की स्पीड मोजून आकडे टाकतो.