मणके सरळ करून देतो म्हणाले आणि आमचे २,३२,८०० रुपये गेले

लिहू की नको करत दोन महिने गेले, नवरा अजूनही म्हणतो चारचौघांत कशाला सांगतेस. पण परवा त्याच सेंटरची जाहिरात पुन्हा मोबाईलवर आली, खाली तीन आयांनी "पत्ता पाठवा" लिहिलेलं, मग मला राहवलं नाही.

माझी लेक १९ वर्षांची. आठवीपासून कधी खांदा निखळतो कधी गुडघा, मान आणि पाठ कायम दुखती, उभी राहिली की धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी. सहा वर्षं कोणी कॅल्शियम दिलं, कोणी परीक्षेचं टेन्शन म्हणालं, एकाने तर तिच्यासमोर मला सांगितलं की नाटकं करते, लाड कमी करा. शेवटी पुण्यातल्या एका संधिवाताच्या डॉक्टरांनी तिच्या करंगळ्या मागे वाकवून बघितल्या, अंगठे हाताला टेकवले, कोपरं-गुडघे बघितले, वाकून तळहात जमिनीला लावायला सांगितले, ९ पैकी ८ मार्क. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, हायपरमोबाइल प्रकार. सांधे, मणके, शिरा सगळ्यांना धरून ठेवणारी ऊतीच जन्मापासून सैल. उभं राहिल्यावर ठोके ७८ वरून १२४ वर जात होते, ते पॉट्स, म्हणजे उभं राहिलं की ठोके एकदम वाढायचा त्रास. डॉक्टरांनी खरं सांगितलं, मुळावर औषध नाही, ताकदीचे व्यायाम, भरपूर पाणी, मीठ थोडं जास्त आणि जपून राहणं.

आता मला सांगा, सहा वर्षांनी आजाराला नाव मिळतं आणि त्याच दमात कळतं की औषध नाही, तर आई काय करणार? मी अडाणी नाही, बँकेत काम करते. पण रात्री दोनला पोर मान धरून रडत असेल आणि कोणी म्हणत असेल "आमच्याकडे आहे इलाज", तर माणूस जातो. मी गेले.

तपासणी २,५०० रुपये. समोर बसलेल्या माणसाचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. म्हणाला एमआरआय बघितला, मानेचे वरचे दोन मणके सरकलेत, बारा सिटिंगमध्ये जागेवर बसवतो आणि सोबत स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची सलाईन. आणि इथेच मला कळायला हवं होतं, इथेच! एमआरआयच्या सीडीचं पाकीट मी घरून स्टेपल करून नेलं होतं, एक पिन वाकडी बसली म्हणून वर दुसरी मारलेली. त्याने पाकीट परत दिलं तेव्हा दोन्ही पिना जशाच्या तशा होत्या. माझं बोट त्या पिनांवरून फिरलं, मला जाणवलं, आणि तरी मी पाकीट पर्समध्ये टाकलं. अजून झोप लागत नाही ते आठवून.

मग बाहेरची मॅडम, "काकू, आज भरलं तर २,१०,००० चं पॅकेज १,८५,००० ला, ऑफर आजचीच." जीन टेस्टचे ३८,५०० वेगळे, मानेच्या पट्ट्याचे ६,८००. सोनेतारण करून पैसे भरले. यूपीआयला नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं, विचारलं तर म्हणे अकाउंट सेक्शन वेगळं आहे. ट्रेडर्सच्या नावावर दवाखान्याचे पैसे कधीही भरू नका.

जीन टेस्टचा रिपोर्ट आला, "हायपरमोबाइल जीन पॉझिटिव्ह". नंतर संधिवाताचे डॉक्टर तो कागद बघून गप्पच बसले, कारण बाकीच्या प्रकारांचे जीन माहीत आहेत पण नेमका या प्रकाराचा जीन अजून सापडलेलाच नाही. जो सापडला नाही त्याची टेस्ट, ३८,५०० रुपये!

तिसऱ्या सिटिंगला त्याने मान अशी काही फिरवली की कटकन आवाज मला बाहेर ऐकू आला. लेकीच्या उजव्या हाताला मुंग्या, चक्कर, उलटी. मॅडम म्हणते इफेक्ट येतोय, चांगलं लक्षण आहे. सैल सांध्यांच्या पेशंटची मान कुणालाही मोडू देऊ नका, न्हाव्यालासुद्धा नाही, मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. मुंग्या दीड महिना टिकल्या. पैसे परत मागितले तर पावती पुढे केली, त्यावर लिहिलेलं "वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल". उपचार हा शब्द कुठेच नाही. पावती वाचल्याशिवाय सही करू नका.

पोलिसांकडे गेले तर "तुम्ही स्वतःहून दिलेत ना, हे सिव्हिल मॅटर." डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या ऑफिसात गेले तर म्हणे हा माणूस आमच्या यादीतच नाही, म्हणून कारवाई आमच्याकडे येत नाही. अहो, यादीत नाही हीच तर माझी तक्रार आहे! त्यांनी पाठवलं पालिकेच्या आरोग्य विभागात, तिथे साहेब मीटिंगला, पुढच्या वेळी साहेब बदललेले, तिसऱ्या वेळी म्हणाले ते स्वतःला दवाखाना म्हणवत नाहीत, वेलनेस सेंटर आहे, पोलिसांकडे जा. चार हाफ डे रजा गेल्या, हातात फक्त आवक नंबर.

स्टेम सेलचंही सांगते, रक्ताचे काही आजार सोडले तर आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये बाकी कशालाही नेहमीचा उपचार म्हणून मान्यता नाही. हे मला पैसे गेल्यावर कळलं. सलाईनच्या बाटलीवर लेबल नव्हतं, फोटो काढून ठेवा असल्या गोष्टींचे.

शेवटी ग्राहक आयोगात केस टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. पहिल्या तारखेला समोरचं कोणी आलं नाही, पुढची तारीख श्रावणात आहे. एमआरआयचं पाकीट कपाटात तसंच ठेवलंय, दोन्ही पिनांसकट. वकील म्हणाले, उघडू नका.