सीसीएनएसाठी एसीएल शिकताना: नंबरवाली लिस्ट की नाववाली?

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या २००-३०१ परीक्षेत एसीएलचा, म्हणजे राउटरने कोणतं ट्रॅफिक सोडायचं आणि कोणतं अडवायचं हे सांगणाऱ्या लिस्टचा, मुद्दा ५.६ या क्रमांकावर येतो. लिस्ट कॉन्फिगर करा आणि तपासा, एवढंच तिथे लिहिलेलं आहे. अभ्यासाला बसलं की दोन दिवसांत प्रश्न पडतो: हात कशावर बसवायचा? 'ॲक्सेस-लिस्ट ११०' असं नंबर देऊन लिहायच्या पद्धतीवर, की 'आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड' लिहून पुढे नाव द्यायच्या पद्धतीवर? दोन्ही यायला हव्यात हे खरं, पण रोजच्या सरावाला एकच पद्धत हाताशी राहते. मी आधी महिनाभर नंबरांवर सराव केला आणि मग नावांकडे वळलो. तो अनुभव सांगतो.

नंबरांच्या रेंज तुम्हाला ठाऊक असतीलच, त्या परत देत नाही. फक्त स्टँडर्ड लिस्टचा (फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघणाऱ्या; एक्स्टेंडेड लिस्ट प्रोटोकॉल, दोन्ही पत्ते आणि पोर्टही बघते) १३०० ते १९९९ हा वाढीव पट्टा नीट लक्षात ठेवा. १३५० बघितल्यावर 'शंभराच्या वर आहे, म्हणजे एक्स्टेंडेड' असं मन पटकन म्हणतं, आणि ती निघते स्टँडर्ड.

लिस्ट वाचायची म्हटली तर दोन्हींत फरक कमीच. आधी ही वाचून बघा. लॅनच्या इंटरफेसवर इनबाउंड, म्हणजे राउटरच्या आत येणाऱ्या ट्रॅफिकला, लावली आहे असं धरा. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि जुळणारी पहिली ओळच लागू होते; 'ईक्यू' च्या पुढचा आकडा पोर्टचा, ८० म्हणजे साधं वेब:

१० डिनाय टीसीपी १९२.१६८.१०.३२ ०.०.०.३१ एनी ईक्यू ८०
२० परमिट टीसीपी १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५ एनी
३० डिनाय यूडीपी एनी एनी ईक्यू ५३
४० परमिट आयपी एनी एनी

१९२.१६८.१०.७० या मशीनवरून वेबसाइट उघडेल का? वाइल्डकार्ड (पत्त्यानंतरचा आकडा, पट्टा किती मोठा ते सांगणारा) ३१, म्हणजे पहिली ओळ ३२ ते ६३ पर्यंतच लागू. ७० तिच्यात बसत नाही, दुसऱ्या ओळीत परमिट मिळतं. बहुतेक जण इथेच थांबून 'हो' म्हणतात. पण साइट नावाने उघडायची असेल आणि डीएनएस सर्व्हर राउटरच्या पलीकडे असेल, तर आधी डीएनएसची, म्हणजे या नावाचा आयपी पत्ता काय अशी, विचारणा जाते. ती यूडीपी ५३ वर, म्हणून दुसरी ओळ तिला लागत नाही आणि तिसरी ओळ तिला अडवते. आयपी पत्ता टाकून उघडेल, नाव टाकून नाही. आता ४५ वरून एचटीटीपीएस? पहिली ओळ फक्त ८० अडवते, एचटीटीपीएसचं ४४३ दुसऱ्या ओळीतून सुटतं. ज्याने ही लिस्ट 'वेब बंद' करायला लिहिली असेल त्याचं काम अर्धंच झालं.

आता याच लिस्टच्या डोक्यावर 'ब्लॉक-वेब' असं नाव असतं तर? नाववाल्या लिस्टची ही एक खरी अडचण मला जाणवली. नाव हेतू सांगतं आणि आपण ओळी वाचायच्या आधीच उत्तर ठरवून टाकतो. सरावाच्या प्रश्नांत मी यामुळे चुकलो आहे. ११० हा आकडा काहीच सांगत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ वाचावीच लागते. वाचनाची शिस्त लागायला नंबर बरे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. शिवाय नावात लहान-मोठं अक्षर बदललं तरी आयओएस (सिस्को राउटरची सिस्टिम) ते वेगळं नाव धरतं. 'आयपी ॲक्सेस-ग्रुप' ही लिस्ट इंटरफेसवर लावायची कमांड लिहिताना एक अक्षर चुकलं की अस्तित्वातच नसलेली लिस्ट इंटरफेसवर लागते, सगळं ट्रॅफिक आत येतं, आणि राउटर चकार शब्द काढत नाही. आकड्यात अशी चूक कमी होते.

एवढं असूनही मी नंबर सोडले, त्याचं कारण एकच. ते जरा सविस्तर सांगायला हवं.

परीक्षा देऊन झाल्यावर, नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत, एका ग्राहकाच्या शाखेतल्या राउटरवर लांबून एसएसएचने काम करत होतो. वॅनच्या इंटरफेसवर ११० ही लिस्ट इनबाउंड लावलेली. सांगितलेलं काम सोपं होतं: एका मशीनचं एफटीपी बंद करा. मी लिहिलं, 'नो ॲक्सेस-लिस्ट ११० परमिट टीसीपी एनी होस्ट १०.२०.५.१४ ईक्यू २१'. माझ्या मते ती एक ओळ गेली. खात्रीसाठी 'शो ॲक्सेस-लिस्ट्स ११०' दिलं तर समोर काहीच आलं नाही. नंबरच्या या जुन्या कमांडला 'नो' लावलं की पुढे काय लिहिलंय ते आयओएस जमेत धरत नाही, अख्खी लिस्ट उडवतं. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण हाताला मात्र हीच कमांड सवयीची होती.

लिस्ट गेली तरी इंटरफेसवर तिचा नंबर तसाच होता, आणि रिकामी लिस्ट म्हणजे सगळ्यांना मोकळी वाट. ती वाट लगेच बंद करायची म्हणून मी आठवणीतून ओळी परत टाकायला घेतल्या. पहिली ओळ ४४३ ची. एंटर दाबलं आणि सेशन गोठलं. एक ओळ पडताक्षणी लिस्ट पुन्हा जिवंत झाली, तिच्या तळाशी बाकी सगळं अडवणारं, न दिसणारं 'डिनाय' आलं, आणि माझी एसएसएचची परवानगी तर तिसऱ्या ओळीत होती, जी अजून टाकायची होती. नशिबाने मी काही सेव्ह केलं नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला शाखेत एक काका अजून थांबले होते. त्यांना फोनवर सांगितलं, 'काका, कपाटाशेजारच्या त्या काळ्या डब्याची पिन काढा आणि दहा सेकंदांनी परत लावा.' राउटर जुन्या कॉन्फिगवर उठला, लिस्ट परत आली. ते दहा सेकंद आणि त्यानंतरची दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात.

हेच काम नाववाल्या लिस्टमध्ये असं होतं: लिस्टच्या आत शिरा, 'नो' आणि ओळीचा आकडा, समजा 'नो ३०', लिहा, बाहेर या. एकच ओळ जाते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. २० आणि ३० च्या मध्ये काही घालायचं असेल तर नव्या ओळीच्या सुरुवातीला २५ लिहा. आकडे दाटीवाटीने झाले तर ते नव्याने पाडायला 'आयपी ॲक्सेस-लिस्ट रिसिक्वेन्स' आहेच.

कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे, की यात नंबरचा दोष नाही. 'आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड ११०' असं लिहून नंबरवाल्या लिस्टच्याही आत शिरता येतं आणि 'नो ३०' तिथेही चालतं. मला ते माहीत होतं. पण घाईच्या वेळी आपण जे महिनाभर टाइप केलेलं असतं तेच बोटांतून बाहेर येतं. मी महिनाभर ग्लोबल मोडमधली, म्हणजे लिस्टच्या आत न शिरता द्यायची 'ॲक्सेस-लिस्ट ११०' ही कमांड टाइप केली होती. म्हणून वाटतं, सरावाची सवयच अशी लावावी की चुकीची कमांड हाताला येऊच नये.

नंबरवाल्यांची आणखी एक जुनी रीत आहे: लिस्ट नोटपॅडमध्ये घ्यायची, तिथे दुरुस्त करायची, आधी इंटरफेसवरून काढायची, 'नो ॲक्सेस-लिस्ट ११०' देऊन पूर्ण पुसायची आणि नवी पेस्ट करायची. या रीतीने शिकलेल्यांना ओळींचा क्रम पक्का कळतो, कारण दर वेळी अख्खी लिस्ट डोळ्यांखालून जाते. शिकवणी घेणारे बरेच जण अजून हेच शिकवतात आणि त्यात चूक काही नाही. तुमच्या हाती एखादं जुनं नेटवर्क येणार असेल तर तिथे ११० आणि १५० भेटणारच. व्हीटीवायवर, म्हणजे राउटरमध्ये लांबून लॉगिन करायच्या लाइनवर, 'ॲक्सेस-क्लास १० इन' एवढंच हवं असेल तर मीही नावाच्या भानगडीत पडत नाही, नंबर देऊन मोकळा होतो.

तरीही आज कुणी पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर उघडून पहिली एसीएल लिहायला बसत असेल, तर मी त्याला नावाने सुरुवात कर म्हणेन. वाचायच्या प्रश्नांपुरती नंबरवाल्या लिस्टची गाठ घालावी, आणि नाववाल्या लिस्ट वाचताना डोक्यावरची ओळ हाताने झाकून खालच्या ओळी आधी सोडवाव्यात. माझ्या बाबतीत दोन आठवड्यांत फरक पडला, तुम्हाला वेळ कमी-जास्त लागेल. लांबून काम करताना लिस्टला हात लावण्याआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवा, म्हणजे दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होईल, आणि काम नीट झालं की 'रीलोड कॅन्सल'. त्या संध्याकाळी मी हे केलं असतं तर काकांना फोन करावा लागला नसता.

आणि परीक्षेतल्या सिम्युलेशनमध्ये प्रश्नाने ११० हाच आकडा मागितला, तर तोच द्यावा लागतो. तिथेही 'आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड ११०' असं लिहून आत शिरा. ओळ चुकली तर तेवढीच काढता येईल, आणि १२० मिनिटांच्या पेपरात अख्खी लिस्ट पुन्हा टाइप करायला मला तरी वेळ उरला नव्हता.