स्ट्रीटकम्प्लीट : जुन्या नाशिकच्या बोळांत दोन महिने

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, कोणालाही भर घालता येणारा आणि कोणालाही मोफत वापरता येणारा जगाचा नकाशा. त्यात भर घालण्यासाठी एरवी संगणकासमोर बसून रेषा आखाव्या लागतात. स्ट्रीटकम्प्लीट या अँड्रॉइड ॲपमुळे त्यातले बरेचसे काम चालता चालता होते. ॲपला पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत, फक्त ओपनस्ट्रीटमॅपचे खाते लागते. गेले दोन महिने दहीपूल, सराफ बाजार, तिवंधा आणि खाली गोदाघाट अशा सकाळच्या फेरीत मी ते वापरतो आहे.

आपण उभे असतो त्या भागातील अपुऱ्या नोंदी नकाशावर टाचण्यांसारख्या दिसतात. टाचणीवर बोट ठेवले की एकच प्रश्न येतो: रस्त्यावर दिवे आहेत का, पृष्ठभाग डांबरी की फरसबंदी, स्वच्छतागृहाला पैसे पडतात का. गाडगे महाराज पुलाजवळच्या पायऱ्यांना धरायला कठडा आहे का, असे ॲपने विचारले, तेव्हा रोज त्याच पायऱ्या उतरणाऱ्या मला उत्तर देता येईना. मागे वळून पाहिले तर कठडा नव्हता, आणि एक आजी नातवाच्या खांद्यावर हात टेकून एकेक पायरी चढत होत्या. ‘नाही’वर बोट ठेवले; ॲपने एक तारा दिला. २०२७ च्या सिंहस्थात हेच घाट गर्दीने भरतील, तेव्हा अशा नोंदीचा उपयोग कोणाला होईल हे वेगळे सांगायला नको.

रस्त्याचे नाव विचारतानाची पद्धत मला विशेष आवडली: नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये स्वतंत्रपणे नोंदवता येते. मात्र दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून ते उतरवून घेणे ओपनस्ट्रीटमॅपच्या नियमांत बसत नाही, म्हणून पाटी शोधावी लागते, आणि जुन्या नाशकात पाटी सापडणे हेच अर्धे काम. घरक्रमांकाच्या प्रश्नाचेही तसेच. आमच्याकडे घर ओळखले जाते ते वाड्याच्या नावाने. सुदैवाने घराला क्रमांकाऐवजी नाव आहे, असेही उत्तर देता येते. चिंचोळ्या बोळांत मात्र फोनवरचे आपले ठिकाण समोरच्या ओळीत सरकते, तेव्हा उत्तर चुकीच्या घराला चिकटणार नाही याची काळजी आपणच घ्यायची.

प्रश्नांवर युरोपातील रस्त्यांची छाप आहे. सायकलमार्गाची चौकशी हौसेने होते. पूर आल्यावर पाणी कुठवर चढते, हे मात्र विचारले जात नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की छातीला, यावर पूर मोजणाऱ्या गावाला ही उणीव जाणवणारच.

माझी खरी अडचण वेगळीच होती. उपग्रहचित्रावरून कोणीतरी आमच्या मावशीच्या वाड्याचे अंगण आरपार जाणारी गल्ली म्हणून आखले होते, आणि तो नकाशा वापरणाऱ्या एका ॲपच्या भरवशावर अनोळखी दुचाकीस्वार रात्री दिंडी दरवाजा ठोठावत. स्ट्रीटकम्प्लीटमध्ये अशा वेळी टीप ठेवता येते. मी फोटोसह ठेवली. तीन आठवडे कोणी फिरकले नाही, कारण जवळपास ती वाचणारा दुसरा कोणी नव्हता. शेवटी संगणकावर बसून तो रस्ता खासगी असल्याची नोंद मीच केली, तीही पहिल्यांदा शेजारच्या बोळावर, आणि ही चूक दुसऱ्याच दिवशी एका परगावच्या नकाशाकाराने नम्रपणे दाखवून दिली.

म्हणून पाचपैकी चार तारे. पाचवा ॲपला देण्याऐवजी मी राखून ठेवला आहे, तो तिवंधा ते भद्रकाली या पट्ट्यात आणखी कोणी या टाचण्या उचलायला बाहेर पडेल त्याच्यासाठी. मावशीच्या दारावर आता रात्री थाप पडत नाही; ती फक्त विचारते, “रोज सकाळी भिंतींकडे बघत काय फिरतोस रे?”