दहा बाय दहाची खोली, हेडफोन घ्यावा की स्टुडिओ मॉनिटर?

लॅपटॉप आहे, एफएल स्टुडिओ नाहीतर एबलटन हे संगीत करायचं सॉफ्टवेअर टाकून झालंय, चार-पाच ट्रॅक करून मित्रांना पाठवलेत, आता हातात थोडे पैसे आलेत आणि प्रश्न पडलाय की आधी चांगला हेडफोन घ्यायचा का मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरची जोडी. सोलापुरात घरी बसून टेक्नो, लो-फाय, डीजे रिमिक्स जे काय करताय त्या प्रत्येकापुढं हा प्रश्न येतोच. व्हिडिओ बघितले की सगळे एकच सांगतात, मॉनिटरशिवाय मिक्स, म्हणजे ट्रॅकमधल्या सगळ्या आवाजांचा मेळ, होत नाही. पण सांगणाऱ्याच्या मागची खोली नीट बघा एकदा, भिंतीवर जाड पॅनेल असतात, कोपऱ्यात बास ट्रॅप, म्हणजे खालचा आवाज शोषणारे जाड ठोकळे, असतात. आपल्याकडं ते नसतंय. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: जुळे सोलापूरचा फ्लॅट असो की पूर्व भागातलं जुनं घर, खोलीवर खर्च करायची तयारी नसेल तर पहिली खरेदी हेडफोनचीच करा.

का ते सांगतो, कारण हे नुसतं बजेटचं प्रकरण नाही. आपली बेडरूम म्हणजे बहुतेक दहा बाय दहा, वर आरसीसी स्लॅब, खाली फरशी, चारी बाजूनं सिमेंटचा गिलावा. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागलं की 56 हर्ट्झच्या आसपास आकडा येतो, आणि नेमकी ह्याच फ्रिक्वेन्सीवर खोली स्वतःच घुमायला लागते. आता बघा, आपल्या किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि 808 (लांब घुमणारा बास) चा सगळा जीव 40 ते 60 हर्ट्झमध्येच असतो. त्यात लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हीकडचं घुमणं एकाच नोटवर जमतं, आणि छतही दहाच फुटांवर असलं तर तिसरंही त्याच्यात येऊन मिळतं. चौरस खोली ही मिक्सिंगसाठी सगळ्यात वाईट खोली आहे, पण आपल्याकडं तीच असते त्याला काय करणार.

खात्री करायची असेल तर कुणाचा तरी बऱ्यापैकी बास देणारा स्पीकर आणा, होम थिएटरचा वूफर पण चालेल. साधी साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध आवाज) घ्या आणि 55 हर्ट्झचा ए वाजवा, एफएलच्या पियानो रोलमध्ये तो ए 2 दिसतो आणि एबलटनमध्ये ए 0. आवाज तसाच चालू ठेवून भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत हळूहळू चालत या. भिंतीपाशी छातीत भरतो, मध्यावर आलात की जवळपास गायब होतो, आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहिलात तर तोच आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. स्पीकरला हात न लावता हे सगळं होतंय, खोलीमुळं. आता विचार करा, तुमचं टेबल जिथं आहे तिथं बसून तुम्ही 808 ची लेव्हल ठरवणार. टेबल मध्यावर असेल तर बास कमी वाटून वाढवत बसणार, भिंतीला टेकून बसत असाल तर जास्त वाटून कापणार, आणि मग गाडीत लावलं की सगळा ट्रॅक वेगळाच.

शिवाय पाच इंची मॉनिटर खाली किती जातो तेही बघा. यामाहा एचएस 5 चं उदाहरण घ्या, कंपनीच्याच आकड्यानुसार तो 54 हर्ट्झपाशी 10 डेसिबलनं पडलेला असतो. 808 ची नोट एफ असेल तर ती 43-44 हर्ट्झला बसते, म्हणजे तुम्हाला त्या नोटचे वरचे हार्मोनिक (पटीतले उपस्वर) ऐकू येतात, मूळ नोट जवळजवळ नाहीच. चांगला बंद हेडफोन ह्या खालच्या पट्ट्यात आरामात जातो आणि त्याला तुमच्या भिंतींशी काही देणंघेणं नसतं.

इथं कोणीतरी म्हणतंच, चादरी लावू की भिंतीला, सोलापुरात चादरीला काय तोटा. नुसती चादर भिंतीवर टांगून वरचा आवाज तेवढा कमी होतो, टाळी वाजवल्यावरची किणकिण जाते, पण 56 हर्ट्झच्या लाटेला त्या कापडाचा पत्तासुद्धा लागत नाही. उलट खोली मंद होते आणि बास तसाच घुमत राहतो, म्हणजे आधीपेक्षा अवघड. त्यापेक्षा जास्त काम करतो तो ग्लासवूल नाहीतर रॉकवूलचा चार इंची स्लॅब, 48 डेन्सिटीचा चालतो, फॉल्स सीलिंग किंवा एसीच्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडं चौकशी करा. सुताराकडून साधी लाकडी चौकट करून घ्यायची, स्लॅब आत बसवायचा आणि वर असं कापड लावायचं की तोंड लावून फुंकलं तर हवा आरपार गेली पाहिजे. पातळ टॉवेलचं कापड ह्याला चांगलं, जाड चादर नको. आधी कोपरे भरायचे, मग बाजूच्या भिंती. बाजूची जागा शोधायला कुणालातरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, तुमच्या खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला की पॅनेल तिथंच.

हेडफोनकडं येऊ. उघडे (मागून जाळी असलेले) की बंद हा इथला पहिला प्रश्न. उघडे ऐकायला मोकळे, स्टेजसारखा आवाज, लांब बसायला बरे, पण बाहेरचं सगळं आत येतं. शेजारी यंत्रमाग चालू असतील, पाणी आल्यावर सगळ्या गल्लीच्या मोटारी सुरू होत असतील, तर उघडा हेडफोन फुकट आहे. आणि मे महिन्यात पंखा-कूलर बंद करून बसणं शक्य नाही, तेव्हा पंख्याचा घोंघाटच रिव्हर्बच्या (घुमण्याच्या इफेक्टच्या) शेपटीवर बसतो. म्हणून आपल्या हवेला मी बंद हेडफोन सांगीन, पण रेक्झिनच्या पॅडचा नको, कानाला घाम येऊन तासाभरात काढून ठेवावासा वाटतो. बेयरडायनॅमिक डीटी 770 च्या 80 आणि 250 ओहमवाल्याला मखमली पॅड असतात, त्या बाबतीत तो फार चांगला. घेताना ओहम (विद्युत रोध) बघा, तो 32, 80 आणि 250 असा मिळतो, 250 वाला लॅपटॉपच्या जॅकवर दमतो. ऑडिओ टेक्निकाचा एम 50 एक्स 38 ओहमचा, तो लॅपटॉपवर नीट चालतो पण पॅड चामड्यासारखे. ब्लूटूथवाला कुठलाच घेऊ नका, बीट वाजवायचा ड्रम पॅड दाबला आणि किक मागाहून आली की बीट वाजवणं बंदच.

हेडफोनच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानात जातो, स्पीकरवर तो दोन्ही कानांत जातो, त्यामुळं पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडं टाकणं) जास्त रुंद वाटतं आणि रिव्हर्बचा अंदाज चुकतो. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून मास्टर (सगळ्या ट्रॅकचा एकत्र आवाज) मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखा, करून ऐकणं आणि आपल्या प्रकारचा एखादा तयार ट्रॅक त्याच लेव्हलला आणून शेजारी लावणं. दुसरं, प्रत्येक हेडफोनचा स्वतःचा रंग असतो. ऑटोईक्यू नावाचा फुकट प्रकल्प आहे, त्यात बहुतेक मॉडेलचे ईक्यू (कुठली फ्रिक्वेन्सी किती कमी-जास्त करायची) आकडे मिळतात, ते मास्टरवर शेवटच्या ईक्यूमध्ये टाका, आणि एक्सपोर्ट करायच्या आधी तो ईक्यू आठवणीनं बंद करा, नाहीतर हेडफोनची दुरुस्ती ट्रॅकमध्येच छापली जाईल.

कानाचं तर मी पुन्हा पुन्हा सांगीन. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. हेडफोनवर रात्रभर बसणाऱ्यांना हे कळत नाही, आवाज नकळत वाढत जातो. मॉनिटर इथं सरळ सरळ जिंकतो, तास-दोन तास काम करून उठलं तरी डोकं हलकं असतं.

मॉनिटर आणखी एका ठिकाणी जिंकतो आणि ते मोठं आहे. किक आणि बासचं एकमेकांशी नातं, ग्रूव्ह, मान आपोआप हलणं, हे अंगाला हवा लागल्याशिवाय कळत नाही. गड्ड्याची यात्रा असो, गणपती असो, शिवजयंती नाहीतर 14 एप्रिल, ज्यांचे ट्रॅक मिरवणुकीत वाजणार त्यांनी कधीतरी स्पीकरवर ऐकलंच पाहिजे. पण त्यासाठी मॉनिटर विकतच घ्यायला पाहिजे असं नाही, साउंडवाल्या मित्राला रिकाम्या दिवशी सबवर (सबवूफरवर) पाच मिनिटं लावायला सांगा. तिथं एक गोष्ट लगेच उघडी पडते, रुंद केलेला बास सबवर पोकळ होतो. 100-120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा, एबलटनच्या युटिलिटीत बास मोनोचं बटण आहे, एफएलमध्ये सबला वेगळा मिक्सर ट्रॅक देऊन तो मोनो करा.

आणि रात्रीचं काय? नोकरी-कॉलेज करून रात्री दहानंतरच वेळ मिळतो, आणि रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची. एवढ्या कमी आवाजात माणसाच्या कानाला बास कमीच लागतो, फ्लेचर आणि मन्सननं हे 1933 मध्येच मोजून दाखवलंय, म्हणून हळू आवाजात मॉनिटरवर केलेला बास दुसऱ्या दिवशी हमखास जास्त निघतो.

पैशाचं बघताना मॉनिटरची नुसती किंमत बघू नका. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉप आणि स्पीकर जोडणारं बाहेरचं साउंडकार्ड), हम्म कमी करणारी बॅलन्स्ड टीआरएस केबल, स्टँड आणि वरचे पॅनेल हे सगळं त्याच्यात धरा. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग धड नसतं, मग स्पीकरमधून हम्म असा आवाज सुरू होतो, अशा वेळी आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर एकाच बोर्डावर लावा. हेडफोनला सुरुवातीला इंटरफेससुद्धा लागत नाही, विंडोजवर एफएलचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशिरा येऊ न देणारी सेटिंग) निवडला की काम चालतं.

तर भाड्याची खोली, रात्रीचं काम, घरात माणसं, असं असेल तर डोळे झाकून हेडफोन. स्वतःची खोली, ती चौरस नाही, दिवसा वेळ आहे आणि पॅनेलचे पैसे बाजूला काढलेत, तर मॉनिटर जरूर घ्या, आणि दहा फुटांच्या लांबीत डोकं समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर येईल अशी खुर्ची ठेवा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण. पुण्याला जाणं होत असेल तर दोन्ही तिथं ऐकूनच घ्या, स्वतःचा ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये सोबत न्या, आणि हेडफोन आवडला तर अर्धा तास काढू नका डोक्यावरून, पॅड कुठं टोचतो ते तेवढ्या वेळातच कळतं.