परदेशी विद्यार्थी इंटर्न: तिकडून आणावा, पुण्यातून बोलवावा, की सोलापूरचाच बरा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तीन-चार कारखानदारांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. "मालक, ते फॉरेनचे स्टुडंट इंटर्न म्हणून ठेवतात म्हणं, आपल्याला परवडतंय काय?" एकाचं टेरी टॉवेलचं युनिट, दुसऱ्याचं शाळेच्या युनिफॉर्मचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हापासून 'दुसरं मार्केट बघा' हे सगळ्यांच्या तोंडी आहे. मग ज्या देशात माल विकायचा, पोरगंही तिथलंच का ठेवू नये, असा हिशोब.

हिशोब चुकीचा नाही. पण 'परदेशी विद्यार्थी' या दोन शब्दांत तीन वेगवेगळी माणसं येतात: तिकडून विमानानं येणारा, पुण्यात आधीच शिकत असलेला, आणि तिकडंच बसून लॅपटॉपवर काम करणारा. चौथा आपल्या दारातला, सोलापूरचा. शेवटच्या तिघांबरोबर मी काम केलंय. पहिल्याच्या बाबतीत अर्ध्या वाटेतून परत आलो, आणि सगळ्यात जास्त शिकलो ते तिथंच.

तिकडून थेट

"टुरिस्ट व्हिसावर बोलवा, दोन महिन्यांचं तर काम," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. पर्यटक म्हणून आलेल्याला कारखान्यात बसवून काम करून घेणं नियमात बसत नाही, आणि उद्या काही झालं तर आपण तर अडकूच, त्या पोराच्या पासपोर्टलाही डाग लागेल. यासाठी वेगळा इंटर्न व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो, आणि खासगी कंपनीत यायचं असेल तर किमान मानधनाची अट असते. आपण एमबीएच्या पोराला जो स्टायपेंड देतो त्यात ती अट बसत नाही, एवढं धरून चाला. ताजा आकडा त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडून घ्या आणि मगच पुढचं बोला. रीतसर नोकरीच्या एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला १६.२५ लाखांचा पगार दाखवावा लागतो, त्यामुळे तो विषयच सोडा.

माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. फ्रान्समधल्या एका बिझनेस स्कूलची मुलगी यायला तयार होती. तिकडं विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा करार झाल्याशिवाय इंटर्नशिप सुरूच होत नाही. त्या करारात कामाच्या रकान्यात मी 'मार्केटिंग' एवढंच लिहून पाठवलं. कागद परत आला. मार्केटिंग म्हणजे नेमकं काय करणार? आठवड्याचे तास किती? रोज देखरेख कोण करणार, त्याचं नाव आणि हुद्दा? अपघात झाला तर विमा कोणाचा? माझ्याकडे एकाचंही धड उत्तर नव्हतं. तेव्हा राग आला होता. "टॉवेल विकायला एवढं कशाला," म्हणून मी तो नाद सोडला. पुढं मात्र प्रत्येक इंटर्न ठेवताना, अगदी जुळे सोलापुरातल्या मुलीलासुद्धा, मी तेच प्रश्न आधी स्वतःला विचारायला लागलो.

या वाटेला दोन सोप्या पळवाटा आहेत, दोन्ही कायदेशीर. नेपाळच्या नागरिकाला भारतात व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारामुळे तो इथं राहून कामही करू शकतो. आणि ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे त्यांनाही वेगळा व्हिसा नको. सोलापुरातल्या किती डॉक्टरांची, सीएंची नातवंडं अमेरिकेत कॉलेजला आहेत ते मोजा. त्यांच्या सुट्ट्या जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला उन्हाळा संपलेला. राहायला आजीचं घर. एक महिना शेंगा चटणी खाऊन जातील आणि तिकडच्या दुकानांत टॉवेल कसा मांडतात, त्यावर लेबल काय असतं, हे बसल्या जागी सांगतील.

पुण्यातून

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथंच थांबावं. पुण्यात परदेशी विद्यार्थी आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, पण ते आपल्यापासून एका रेल्वे तिकिटावर आहेत हे सुचत नाही. सिम्बायोसिस १९७१ साली निघालं तेच परदेशी विद्यार्थ्यांचे हाल बघून. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं त्यांच्यासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. आफ्रिका, पश्चिम आशिया, नेपाळ, अफगाणिस्तान, कुठकुठली मुलं तिथं बीबीए, एमबीए करतात. त्यांच्याकडे इथलं सिम असतं, तोडकंमोडकं हिंदी असतं, भारतीय माणूस 'हो' म्हणतो तेव्हा ते 'हो' नसतंही, हे त्यांना कळलेलं असतं. हुतात्मा किंवा इंद्रायणी एक्स्प्रेसनं आले की झालं.

कागदाचं एक सांभाळा. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. इंटर्नशिप त्याच्या अभ्यासक्रमाचाच भाग असायला हवी. कॉलेजचं तसं पत्र घ्या, आणि परवानगीचं काय ते त्याला कॉलेजमार्फत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, आधी विचारून घ्यायला सांगा. सोलापुरात तो जिथं उतरेल त्या घरमालकानं किंवा लॉजनं २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, ज्याला आपण 'फॉर्म सी' म्हणत आलोय. घरमालकाला हे समजावण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. फॉर्म सीची सवय असलेलं लॉज किंवा गेस्ट हाउस गाठणं त्यापेक्षा सोपं.

खोलीवरून आठवलं. युनिफॉर्मवाल्या मित्राकडे टांझानियाचा एक एमबीएचा मुलगा दोन महिने होता. तीन घरमालकांनी फोनवर 'या की' म्हटलं आणि दारात त्याला बघून 'खोली गेली' म्हणाले. आपल्या गावाबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुम्हाला हा अनुभव येणार आहे. म्हणून खोली तो येण्याआधी, तो कोण आहे ते स्पष्ट सांगून ठरवा. पाणी रोज येत नाही हेही आधीच सांगा.

आता त्या मुलाचा उपयोग काय झाला ते ऐका. दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये उभा राहून विचारायला लागला, ऑगस्टमध्ये इतकी मशीन बंद का? मित्र म्हणाला, शाळा जूनला भरतात, आमचा सीझन संपला. तो म्हणाला, आमच्याकडं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. केनियातही तसंच. म्हणजे आपल्याकडं ज्या महिन्यांत शिलाईवाले रिकामे बसतात, नेमक्या त्याच महिन्यांत तिकडचा माल तयार व्हायला हवा. वीस वर्षं धंदा करणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मग एकेक निघत गेलं. नैरोबीकडं सकाळी गारवा, त्यामुळे युनिफॉर्मात स्वेटर येतो. दार-ए-सलाममध्ये दमट उकाडा, तिथं पातळ कापड. युरोप-अमेरिकेतून गाठोड्यांनी येणारे वापरलेले कपडे, ज्यांना तिकडं 'मितुंबा' म्हणतात, त्यांच्याशी साध्या शर्टात स्पर्धा करायच्या भानगडीत पडू नका. शाळेचा ठरलेला रंग आणि बिल्ला असलेला युनिफॉर्म त्या गाठोड्यात मिळत नाही, तिथं घुसा. दार-ए-सलामच्या करिआकू बाजारातल्या व्यापाऱ्यांशी तो स्वाहिलीत बोलायचा आणि मित्र शेजारी बसून नुसता आकडे लिहायचा.

ऑर्डर आणली का? नाही. दोन महिन्यांत सॅम्पल गेली, भाव गेले, दोघांची उत्तरं आली. इंटर्नकडून ऑर्डरची अपेक्षा ठेवणारा निराशच होणार. त्याच्याकडून मिळते ती माहिती, जी एखाद्या प्रदर्शनात स्टॉल लावून, लाखभर रुपये घालूनही मिळाली नसती.

एक खबरदारी मात्र घ्या. गिऱ्हाइकांची यादी आणि भावाचा कागद त्याच्या लॅपटॉपवर नको. पुढच्या सहा महिन्यांत तोच मुलगा इचलकरंजीत कोणाकडे असू शकतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

ऑनलाइन

यावर फार लिहिण्यासारखं नाही. स्पॅनिश किंवा अरबी कॅटलॉग नीट करून घ्यायचा असेल, तिकडच्या वेबसाइटवरचे भाव गोळा करायचे असतील, तर उत्तम. पूर्व आफ्रिकेची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तिथल्या मुलाशी बोलणं जमतं. अमेरिकेतल्याशी बोलायला एकाला जागावं लागतं. परदेशात पैसे पाठवताना बँकेचे फॉर्म आणि बँकेचा चार्ज यांतच छोटा स्टायपेंड बराचसा झिजतो. आणि ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) टॉवेल आणि ६०० चा टॉवेल यांतला फरक बोटांना कळतो, स्क्रीनवर नाही. जो माल हातात घेतला नाही तो पोरगा कितीसा विकणार?

सोलापूरचा

घरकी मुर्गी म्हणून याला आपण शेवटी आणतो. आपलं विद्यापीठ २००४ चं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे क्रेडिट असतात, त्यामुळे कॉलेजं स्वतःच जागा शोधत असतात. शिक्षण संपलेल्यांसाठी राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, तेही सरकारकडून. अर्ज भरण्याआधी योजनेची सध्याची स्थिती बघून घ्या.

सोलापूरच्या मुलीला माग का थांबला ते जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, तेलुगूत विचारता येतं, सुताच्या व्यापाऱ्याशी हिंदीत, अक्कलकोटच्या पलीकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलता येतं. पुण्याचा परदेशी पाहुणा इथं मुका असतो. तिचं अडतं ते इंग्रजी ईमेलला. चुकेल म्हणून दोन दिवस पाठवतच नाही. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला हजेरीची आशा ठेवू नका, पण ती मालकांचीही नसते.

मग कोणाला घ्यायचं

निर्यात अजून सुरूच नसेल, आयात-निर्यातीला लागणारा आयईसी कोडही काढलेला नसेल, तर परदेशी इंटर्न हा हौसेचा खर्च आहे. आधी सोलापूरची मुलगी घ्या, कॅटलॉग, फोटो, सॅम्पलचं रजिस्टर नीट करा. एखादा देश डोक्यात पक्का असेल तर त्या देशाचा पुण्यातला विद्यार्थी दोन महिन्यांसाठी बोलवा आणि त्याच्या जोडीला तीच मुलगी बसवा. तो जे सांगेल ते ती मागावर उतरवेल, आणि त्याला बघून तिचा ईमेल त्याच दिवशी जाईल. मित्राकडे तसंच झालं. टांझानियाचा मुलगा गेल्यावर तिथल्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार आता तीच करते. तिकडून थेट आणायचा विचार वर्षभराचं ठरलेलं काम आणि मानधनाची ताकद असेल तरच. ऑनलाइनला भाषांतरापुरतं ठेवा.

कोणालाही घेतलं तरी दोन गोष्टी सुटत नाहीत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, आणि इंटर्न मुलगीही त्या संरक्षणात येते. आणि आरोग्य विमा, तो आल्यावर नाही, येण्याआधी.

पुण्याचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत हवा असेल तर कॉलेजला पत्र जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवं. पण एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. ४३ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये टांझानियाचा पोरगाही टेकतो. पत्रात 'मार्केटिंग' लिहू नका. काय करणार, किती तास, देखरेख कोणाची आणि विमा कोणाचा, या चार ओळी लिहून बघा. माझं पहिलं असं पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले होते.